‘तुम्हाला पटत नसेल, तर…’

पत्र, थोडक्यात : मी ३९ वर्षांची. एका मोठ्या कंपनीत चौदा वर्षं आहे, त्यातली नऊ थेट आमच्या एमडींच्या कार्यालयात. साहेब आता पद सोडून निवडणूक लढवतायत. प्रचाराची सूत्रं मी घ्यावीत आणि ते निवडून आले तर त्यांचं कार्यालयही मीच सांभाळावं, असं त्यांनी सुचवलंय. मला मनापासून वाटतं की अशी माणसं राजकारणात यायलाच हवीत. गाळात रुतलेली कंपनी त्यांनी तीन वर्षांत बाहेर काढली. निर्णय झटपट घेतात. आणि स्वतःचं इतकं आहे की खाण्याचा प्रश्नच येत नाही. माझे वडील आयुष्यभर कामगार संघटनेचं काम करत आले. त्यांचं एकच पालुपद : ‘मालक तो मालकच.’ यावरून आमच्यातलं बोलणंही आता तुटक झालंय. (एकदाच मी साहेबांना भर बैठकीत विरोध केला होता. त्यानंतर सहा महिने मला बैठकांचं बोलावणं नव्हतं. पण पुढे माझं बरोबर होतं हे त्यांनी सगळ्यांसमोर मान्य केलं.) महिनाअखेर उत्तर द्यायचंय. यशस्वी उद्योजक चांगले राज्यकर्ते होतात का? मी जाऊ का?

उत्तर :

पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही कंसात टाकलीत. तिच्याकडे शेवटी येते.

तुम्ही दोन प्रश्न एका दमात विचारलेत आणि एकाचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळेल असं धरून चालला आहात. ‘उद्योजक चांगले राज्यकर्ते होतात का’ हा जगाबद्दलचा प्रश्न आहे. ‘मी जाऊ का’ हा एका माणसाबद्दलचा आणि त्याहून जास्त तुमच्याबद्दलचा. पहिल्याला ‘हो’ म्हटलं तरी दुसऱ्याला ‘नका जाऊ’ म्हणता येतं. आणि पहिल्या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी इतके दाखले आहेत की ज्यानं त्यानं आपल्या सोयीचा उचलावा आणि चर्चा संपवावी. मला दाखल्यांची मोजदाद नको आहे. तुम्ही साहेबांचे जे तीन गुण लिहिलेत, ते खुर्ची बदलल्यावर कुठे टिकतात आणि कुठे निसटतात, एवढंच बघू या.

पहिला गुण : गाळातली कंपनी वर काढली.

कशी काढली ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण अशा कंपन्या बहुतेक एकाच वाटेनं वर येतात. तोट्यातले विभाग विकायचे, काही बंद करायचे, माणसं कमी करायची, उरलेल्यांकडून नेटानं काम करून घ्यायचं. यात वाईट काही नाही. कधी कधी हजार नोकऱ्या वाचवायला दोनशे घालवाव्या लागतात आणि तो निर्णय घ्यायला धैर्य लागतं. पण ती दोनशे माणसं जातात कुठे? कंपनीच्या फाटकाबाहेर, म्हणजे देशात. देशाला मात्र असं ‘बाहेर’ नसतं. तोट्यातला जिल्हा विकून टाकता येत नाही. साठीपुढच्या नागरिकांना देशातून निवृत्त करता येत नाही. कंपनीनं ज्याला घरचा रस्ता दाखवला, तो दुसऱ्या दिवशी सरकारच्या दारात उभा असतो, आणि पाच वर्षांनी मतदान केंद्राच्या रांगेतही.

शिवाय देशाच्या हिशेबात एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. कंपनीनं काटकसर केली तर शिल्लक वाढते. सगळ्यांनी एकदम काटकसर केली तर सगळ्यांचीच मिळकत आटते. हर्बर्ट हूवर या बाबतीत मला नेहमी आठवतात. खाण अभियंता म्हणून त्यांनी देशोदेशी काम करून पैसा कमावला, पहिल्या महायुद्धात उपाशी बेल्जियमला अन्न पोचवण्याची अवाढव्य यंत्रणा उभी केली, नंतर अमेरिकेचे वाणिज्यमंत्री झाले. १९२८ मध्ये ते निवडून आले तेव्हा इतका तयारीचा प्रशासक अध्यक्ष होतोय म्हणून लोक खूश होते. १९२९ च्या मार्चमध्ये त्यांनी शपथ घेतली, ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. मंदी खोल जात असताना १९३२ मध्ये त्यांनी चोख हिशेबनीस करेल तेच केलं : अंदाजपत्रकाचा तोल सावरायला कर वाढवले. प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर २५ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर नेला. लोकांच्या हातात आधीच पैसा नव्हता, त्यात ही भर. त्याच वर्षीच्या निवडणुकीत ४८ पैकी फक्त सहा राज्यं त्यांच्या वाट्याला आली. हूवर कामचुकार नव्हते, बेईमान नव्हते, निर्बुद्ध तर मुळीच नव्हते. मंदी त्यांनी आणली असंही नाही. पण संकटात हात आखडता घ्यायचा, हा आयुष्यभर खरा ठरलेला धडा नेमक्या त्या खुर्चीत उलटा लागू होत होता.

याच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेचेच नंतरचे एक अध्यक्ष, हॅरी ट्रूमन. त्यांनी मित्राबरोबर पुरुषांच्या कपड्यांचं दुकान काढलं, ते १९२२ मध्ये बुडालं आणि त्याचं कर्ज फेडण्यात पुढची कित्येक वर्षं गेली. हाच माणूस अध्यक्ष झाल्यावर, विरोधी पक्षाचं बहुमत असलेल्या अमेरिकी संसदेकडून युरोपच्या पुनर्उभारणीची प्रचंड योजना मंजूर करून घेतो. तिला स्वतःचं नाव देत नाही, परराष्ट्रमंत्री मार्शल यांचं देतो, कारण आपलं नाव लागलं तर निवडणुकीच्या वर्षात विरोधक ती अडवतील हे त्याला कळतं. (दुकान बुडवलेल्या प्रत्येकानं लगेच उमेदवारी अर्ज भरावा, असं मी म्हणत नाही.) उत्पादनावर आपलं नाव ठसवणं हे उद्योगातलं अर्धं काम. इथे काम झालं ते नाव काढून घेतल्यामुळे.

दुसरा गुण : निर्णय झटपट घेतात.

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

काही वर्षं मी आमच्या इमारतीच्या संस्थेची सचिव होते. एका वर्षी आम्हाला अध्यक्ष म्हणून एका मोठ्या कंपनीतून नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ लाभले. हुशार, वक्तशीर, हिशेबाला पक्के. लिफ्ट वारंवार बंद पडत होती. त्यांनी दोन आठवड्यांत तीन दरपत्रकं मागवली, तक्ते केले आणि सभेत पडद्यावर सगळं मांडलं : नवी लिफ्ट, सोबत जनरेटर, प्रत्येकाचा वाटा, काम सुरू होण्याची तारीख. इतकी नेटकी सभा आम्ही आधी पाहिली नव्हती. तळमजल्यावरच्या एक आजी मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘मी सही करणार नाही.’ अध्यक्षांनी तक्ता पुन्हा समजावला. आजी म्हणाल्या, ‘कळलं. सही नाही करणार.’ तेव्हा अध्यक्ष म्हणाले, ‘तुम्हाला पटत नसेल, तर…’

आणि थांबले.

ते थांबणं मला अजून आठवतं. कंपनीत हे वाक्य पुरं करावंच लागत नाही, ऐकणारा स्वतःच मनात पुरं करतो. इथे त्यापुढे शब्दच नव्हते. पटत नसेल तर काय? आजींना काढणार? बदली करणार? पगारवाढ रोखणार? त्या तिथेच राहणार होत्या, त्यांचं मत अध्यक्षांच्या मताएवढंच वजनाचं होतं आणि हे सभेत सर्वांत आधी त्यांनाच उमगलं होतं.

रात्री अध्यक्ष माझ्याकडे आले. ‘आता काय करायचं?’ मी म्हटलं, त्यांच्या घरी जाऊन बसा. तक्ता नेऊ नका. ते चार वेळा गेले. चौथ्या खेपेला कळलं की पैशाचा प्रश्न नव्हताच. जनरेटरची जागा त्यांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली धरली होती, आणि त्यांच्या यजमानांच्या आजारपणात त्या खोलीत रात्रभर शांतता लागत असे. तक्त्यात ‘खिडकी’ असा रकाना नव्हता. जनरेटर मागच्या बाजूला गेला, आजींनी सही केली. कामाला आठ महिने लागले. ‘आमच्याकडे हे तीन आठवड्यांत झालं असतं,’ असं अध्यक्ष अधूनमधून म्हणत. पण माझ्या पाहण्यातले ते सगळ्यात चांगले अध्यक्ष ठरले. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तुमच्या वडिलांची बाजू घेतेय. तक्ता करता येणारा माणूस चार वेळा घरी जाऊन बसायला शिकला, तर त्याच्यासारखा माणूस नाही.

निवडून आलेल्या माणसाभोवती सगळ्या अशा आज्या असतात. विरोधी पक्षाला काढता येत नाही. स्वतःच्या पक्षातल्या नाराजाला काढता येतं, पण तो जाताना दहा जणांना घेऊन जातो. न्यायालय, लेखापरीक्षक, वृत्तपत्रं ही तुमच्या साहेबांच्या हाताखाली नसतील. कायम नोकरीतला अधिकारी ‘हो साहेब’ म्हणेल आणि फाइल तिथेच राहील. ट्रूमन पद सोडताना त्यांच्या जागी येणाऱ्या सेनापती आयझेनहॉवर यांच्याबद्दल म्हणाले होते की हा इथे बसून हे करा, ते करा म्हणून सांगेल आणि काहीच होणार नाही, लष्करासारखं इथे नसतं. आयझेनहॉवर पुढे बऱ्यापैकी निभावून गेले ही गोष्ट वेगळी. पण त्यांनी महायुद्धात रुसव्याफुगव्यांच्या मित्रराष्ट्रांना एकत्र बांधून ठेवलं होतं. हुकूम देण्यापेक्षा मनधरणीचाच त्यांना अधिक सराव होता.

एकाच माणसाच्या बाबतीत दोन्ही बाजू बघायच्या असतील तर चिलीचे सेबास्टियन पिन्येरा बघा. अर्थशास्त्राचे डॉक्टर, क्रेडिट कार्डांच्या धंद्यातून वर आलेले, विमान कंपनीत मोठा हिस्सा असलेले अब्जाधीश. २०१० मध्ये ते अध्यक्ष झाले आणि त्याच ऑगस्टमध्ये सान होसे खाणीत ३३ कामगार सुमारे ७०० मीटर खोल अडकले. सतरा दिवस ते जिवंत आहेत की नाहीत हेही कळत नव्हतं. सरकारनं खाण कंपनीवर न सोपवता सुटकेचं काम स्वतःकडे घेतलं, बाहेरून तज्ज्ञ आणि यंत्रं आणली, एक वाट बंद पडली तर दुसरी हवी म्हणून तीन ठिकाणी तीन पद्धतींनी एकाच वेळी खोदकाम सुरू ठेवलं. ६९ व्या दिवशी ३३ च्या ३३ जण वर आले. उत्तम व्यवस्थापन म्हणजे काय, ते हे.

तेच पिन्येरा पुन्हा निवडून आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये सान्तियागोच्या मेट्रोचं गर्दीच्या वेळचं भाडं ३० पेसोंनी वाढलं. ठरलेल्या सूत्रानं वाढलं, कागदावर काही चूक नव्हती. भाडं जास्त वाटत असेल तर लवकर उठा, पहाटे स्वस्त पडतं, अशा अर्थाचं एक मंत्री बोलून गेले होते. विद्यार्थी फाटकांवरून उड्या मारून फुकट जायला लागले, मग स्थानकं जळाली, मग सैन्य रस्त्यावर आलं. पिन्येरांनी भाडेवाढ मागे घेतली, पण आपण एका ताकदवान शत्रूशी युद्धात आहोत असंही ते बोलले. आठवड्याभरात राजधानीत दहा लाखांहून जास्त लोक रस्त्यावर उतरले. हे ३० पेसोंचं नाही, ३० वर्षांचं आहे, असं लोक म्हणत होते. शेवटी मार्ग निघाला तो नवीन राज्यघटनेसाठी जनमत घ्यायचं, या बहुतेक पक्षांच्या समझोत्यानं.

माणूस तोच, बुद्धी तीच. खाणीत सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती आणि ‘कशी’ एवढाच प्रश्न होता. मेट्रोच्या वेळी ‘काय हवं’ यावरच देश दुभंगलेला होता. तुमचे साहेब ‘कसं’ मध्ये तरबेज आहेत हे मी तुमच्या शब्दावर मान्य करते. ‘काय’ वर भांडणं होतात तेव्हा ते काय करतात, याचा पत्रात पत्ता नाही. कंपनीत हा प्रश्न त्यांच्यापुढे फारसा आलाच नसेल. नफा हवा की नको, यावर संचालक मंडळात मतदान होत नाही.

तिसरा गुण : स्वतःचं इतकं आहे की खाणार नाहीत.

हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की कुणी म्हटलं की मी आता हळूच विचारते, ‘भूक भागली की माणूस ताटावरून उठतो, असं कुठे पाहिलंत?’ असो. मुद्दा गरजेचा नाहीच, गुंत्याचा आहे. लाच न घेणारा माणूससुद्धा असा कायदा करू शकतो की ज्यात त्याच्याच कंपनीचं भलं होतं, आणि मनापासून समजू शकतो की हे देशाच्या भल्याचं आहे. कित्येकदा तसं असतंही. म्हणून तर ते ओळखता येत नाही.

थायलंडचे थाक्सिन शिनावात्रा दूरसंचार उद्योगातून पंतप्रधान झाले. ३० बाटांत उपचार ही त्यांची योजना गरिबांना खरोखर उपयोगी पडली, आणि ते सत्तेवरून गेल्यानंतरही त्यांना मानणारे लाखो लोक उरले. पण जानेवारी २००६ मध्ये त्यांच्या कुटुंबानं कंपनीतला हिस्सा सिंगापूरच्या सरकारी गुंतवणूक संस्थेला सुमारे ७,३०० कोटी बाटांना विकला आणि त्यावर कर भरावा लागला नाही. राजधानीत लोक रस्त्यावर आले, सप्टेंबरमध्ये लष्करानं सत्ता घेतली. लष्कराचं मी समर्थन करत नाही. पण त्या व्यवहारानं सरकारच्या विश्वासाला जे भगदाड पाडलं, ते पाडायला लाच लागली नाही. इटलीत सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांच्या कुटुंबाकडे देशातल्या मोठ्या खासगी वाहिन्या होत्या आणि पंतप्रधान म्हणून सरकारी वाहिन्यांवरही त्यांच्या आघाडीचा वचक. त्यांना पैशाची गरज होती, असं कोण म्हणेल?

चांगलं उदाहरणही देते. मायकेल ब्लूमबर्ग २००२ ते २०१३ न्यूयॉर्कचे महापौर होते. पगार वर्षाला एक डॉलर. स्वतंत्र दालन सोडून सहकाऱ्यांबरोबर मोकळ्या दिवाणखान्यात टेबल टाकून बसले. शहराच्या कुठल्याही तक्रारीसाठी ३११ हा एकच क्रमांक २००३ मध्ये सुरू केला. खड्डा, कचरा, आवाज, सगळं तिथे. उद्योगातली शिस्त शहराला लाभली याबद्दल मला शंका नाही. पण महापौरानं दोनच वेळा निवडून यावं, असं त्या शहराच्या मतदारांनी दोनदा जनमतानं ठरवलेलं असताना, २००८ मध्ये त्यांनी नगर परिषदेकडून ती मर्यादा तीन करून घेतली आणि तिसऱ्यांदा उभे राहिले. आर्थिक संकटात अनुभवी हात हवा, हे कारण. कंपनीत हे अगदी रीतसर झालं असतं, संचालक मंडळानं चांगल्या सीईओचा करार वाढवला असता. तुमच्या साहेबांकडून मला पैसे खाण्याची भीती नाही. ‘माझ्याशिवाय कसं चालेल’ ही भीती आहे, आणि ती कर्तबगार माणसांनाच जास्त शिवते.

आता वडील.

‘मालक तो मालकच’ हे तुमच्या तिन्ही गृहीतकांइतकंच कच्चं आहे, हे तुम्हाला कळतं म्हणून तुम्ही चिडता. कामगार चळवळीतून आलेले सगळे चांगले राज्यकर्ते होतात असंही नाही. पोलंडचे लेक वालेसा यांच्याएवढा मोठा कामगार नेता विरळा. १९९० मध्ये ते अध्यक्ष झाले, १९९५ मध्ये हरले आणि २००० मध्ये पुन्हा उभे राहिले तेव्हा एक टक्क्याच्या आसपास मतं पडली. संप उभारणं हे एक काम, राज्य चालवणं हे दुसरं. हे वडिलांना सांगा, फक्त जिंकल्याच्या सुरात नको.

मात्र एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलीय. तुमच्या घरात राजकारण जवळून केलेला माणूस एकच आहे आणि तो साहेब नाही. संघटनेत वडिलांना कुणाला पगार देता येत नव्हता, कुणाला काढता येत नव्हतं. तरी माणसं जमवायची, त्यांच्यातली भांडणं मिटवायची, अर्धवट मागण्या पदरात पडल्यावर ‘एवढंच?’ म्हणणाऱ्यांना समजावायचं, आणि पुढच्या सभेला पुन्हा तीच माणसं यायला हवीत. एवढा अनुभव जवळ असताना तुम्ही त्यांना साहेबांबद्दलचं मत विचारता आणि भांडता. त्यांना काम विचारा. पहिल्या सभेला पंधराच माणसं आली तर काय करायचं? आपल्याच माणसानं ऐन वेळी पाठ फिरवली तर? तुम्ही गेलात तर हे उपयोगी पडेल, नाही गेलात तरी बोलणं सुरू होईल.

आता व्यवहाराचं. राजीनामा देऊ नका. मतदानापर्यंतची बिनपगारी रजा मागा. कंपनीचं धोरण काय आहे ते मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्या, साहेबांच्या तोंडी शब्दावर राहू नका, कारण तोवर ते त्या खुर्चीत नसतील. प्रचाराच्या काळात तुमचा पगार कोणाच्या खात्यातून येणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. कंपनीच्या पगारावर राहून प्रचार करत असाल तर तो निवडणूक खर्चाच्या हिशेबात कुठे दाखवणार? उद्या कुणी तक्रार केली तर कागदावर सही तुमची असेल. कंपनीच्या ग्राहकांची यादी, कंपनीची गाडी, कंपनीतली कनिष्ठ मुलं ‘स्वेच्छेनं’ मदतीला, यातलं काहीही सुरू होताना दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा. तुमच्या शब्दानं थांबलं, तर साहेबांबद्दल चांगलं काही कळेल.

आणि हरले तर? जिंकण्याचं गणित प्रत्येकजण करतो. साहेब हरले तर ते कुठल्या तरी संचालक मंडळावर जातील. तुम्ही कुठे जाल? ज्या उमेदवाराचा चेहरा म्हणून तुम्ही तीन महिने फिरलात, त्याच्या विरोधकांशी कंपनीचे व्यवहार असतील तर तुमची जुनी जागा जुनी राहील का? या प्रश्नांवर साहेबांनी आधीच विचार केलेला असेल, तर उत्तम. ‘आपण हरणारच नाही’ असं म्हणाले, तर तेही एक उत्तरच आहे.

साहेबांना त्यांच्या शेअर्सचं काय करणार ते विचारा. ‘मुलाच्या नावावर करतो’ हे उत्तर नाही. विकणार, की स्वतंत्र विश्वस्तांकडे देणार, आणि त्या विश्वस्तांना ते स्वतः कधीही बदलू शकतात का? त्यांच्या जाहीरनाम्यातल्या एका मोठ्या योजनेनं कुणाचं नुकसान होणार आहे, आणि त्यातल्या एकाला तरी ते भेटलेत का? हे प्रश्न प्रत्येक मतदारानं प्रत्येक उद्योजक-उमेदवाराला विचारण्याजोगे आहेत. ज्या कुणाचा एखाद्या उमेदवारावर जीव जडलाय, त्यानं तर आधी विचारावेत. भाषणांपेक्षा मी आणखी एक गोष्ट बघते : पदाची आणि पगाराची ताकद नसताना या माणसानं कधी काही घडवून आणलंय का? पालक संघ, क्रीडा मंडळ, धर्मादाय रुग्णालयाचं विश्वस्त मंडळ, काहीही. जिथे प्रत्येकजण तडक उठून जाऊ शकतो, तिथे किती जण टिकले?

तुम्ही नऊ वर्षं साहेबांना त्यांच्याच कार्यालयात पाहिलंय. म्हणजे रोज जवळून, पण एकाच कोनातून. उत्तर देण्याआधी एकदा त्यांच्याबरोबर अशा बैठकीला जा, जिथे त्यांच्या पगारावरचं कुणी नाही. एखादी वस्ती, रहिवाशांचं गाऱ्हाणं, फेरीवाल्यांची संघटना. तुम्ही बोलू नका, मागे बसा. कुणीतरी त्यांना उलट बोलेलच. साहेब घड्याळ बघतात की माणसाकडे, तेवढं बघा.

आता कंस.

बैठकीत विरोध केल्यावर सहा महिने तुम्हाला बोलावणं नव्हतं. कंपनी चालत राहिली, तुमच्यावाचून कुणाचं अडलं नाही. राज्यकारभारात ‘नाही’ म्हणणारी व्यक्ती सहा महिने खोलीबाहेर असेल, तर तोवर कायदा होऊन गेलेला असतो. रॉबर्ट मॅक्नामारा फोर्ड कंपनीचे अध्यक्ष होते, तिथून १९६१ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. व्हिएतनाममध्ये मोजता येईल ते सगळं मोजलं, शत्रूची प्रेतंसुद्धा, आणि त्या आकड्यांवरून युद्ध जिंकत असल्याचा हिशेब मांडला. १९६८ मध्ये पद सोडलं. आपण भयंकर चुकलो, असं जाहीरपणे लिहिलं ते १९९५ मध्ये.

तुमच्या साहेबांना सहाच महिने लागले, आणि त्यांनी मान्य केलं ते चार भिंतींत नाही, सगळ्यांसमोर. ही छोटी गोष्ट नाही. बुडती कंपनी वर काढणारे मी बरेच पाहिलेत, हे करणारे फार थोडे. म्हणून तुमच्या पत्रातल्या तिन्ही गुणांपेक्षा मला या कंसात जास्त आशा दिसते आणि जास्त काळजीही. कारण एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही : त्या सहा महिन्यांत काय घडलं, की त्यांचं मत बदललं?

हे त्यांनाच विचारा. आकडे तुमच्या बाजूनं लागले म्हणून मान्य केलं असेल, तर त्यांना पटवायला दर वेळी आकड्यांची वाट बघावी लागेल. कुणी येऊन सांगितलं असेल, तर ते कोण, आणि ती व्यक्ती प्रचारातही बरोबर असणार आहे का? त्यांना स्वतःलाच मागाहून चुटपुट लागली असेल, तर तसं म्हणतील, आणि मग तुम्ही जावं असं मी म्हणेन. रजेवर, वेगळ्या पगारावर, डोळे उघडे ठेवून. आणि ‘कुठले सहा महिने?’ असं म्हणाले, तर तुमची जागा जिथे आहे तिथे ठीक आहे.

या सगळ्याला महिनाअखेर पुरायची नाही. त्यांच्याकडे आणखी पंधरा दिवस मागा. कारण सांगू नका, फक्त मागा. ते काय म्हणतात ते मला कळवा.